जुनी गिटार परदेशातून मागवताय?
सभासदहो, १९६९ च्या आधीची मार्टिन डी-२८ स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच पैसे पाठवू नका. तिची पाठ आणि बाजू ब्राझिलियन रोझवुडच्या असतात, आणि ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. परवान्याशिवाय आली तर कस्टम्समध्ये अडकलीच म्हणून समजा. २०१९ मध्ये तयार वाद्यांना मिळालेली सूट बाकीच्या रोझवुडला आहे, ब्राझिलियनला नाही. (विक्रेते हे सोयीस्कर विसरतात.)

फोटो नीट मागवा: नेक ब्लॉकवरचा (आत, मान जिथे बसवलेली असते तो ठोकळा) सिरियल नंबर, ब्रिजची (तारा जिथे अडकवतात ती पट्टी) मागची कड, बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची. तारा उंच आणि सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) आधीच घासून बुटकं केलेलं असेल, तर नेक रीसेटचा (मान काढून योग्य कोनात पुन्हा बसवण्याचा) खर्च धरूनच भाव करा. ॲडव्हान्स देण्याआधी फोटो ग्रुपवर टाका.