हृदयाच्या गोळ्या ‘बाहेरून घ्या’

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. फक्त गेल्या सोमवारी औषधांच्या खिडकीवरून पत्नीची चिठ्ठी परत आली, तेव्हा चारपैकी तीन औषधांपुढे लाल शाईने ‘बाहेरून घ्या’ असे लिहिलेले होते. मिळाली ती लघवीची गोळी.

त्या गोळीने पायांची सूज उतरते, दम कमी लागतो. हृदय मात्र होते तसेच राहते. हृदय दुबळे झाले की शरीर ॲड्रेनॅलिन वाढवते, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि आधीच थकलेल्या स्नायूवर ताण चढत जाऊन हृदय फुगत जाते. चिठ्ठीवरची न मिळालेली तीन औषधे, मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन, हे दुष्टचक्र तोडतात, म्हणून काही महिन्यांत पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातले जितके टक्के रक्त बाहेर ढकलते ते प्रमाण, सुधारू लागते. पत्नीचे पंपिंग असेच पंचवीसवरून बेचाळीस टक्क्यांवर आले होते.

“सुधारलंय ना, मग महिनाभर नाही घेतल्या तरी चालेल,” असे खिडकीतून सांगण्यात आले. इंग्लंडमधील एका प्रयोगात हृदय सावरलेल्या रुग्णांची औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली, तर सहा महिन्यांत सुमारे चाळीस टक्के रुग्णांचा आजार उलटला. आणि तेथे निदान डॉक्टरांची देखरेख तरी होती. आमच्याकडे देखरेख माझी. तीन उशांना टेकून बसलेल्या पत्नीचे श्वास मोजत मी रात्र काढतो आणि सकाळी वाण्याची उधारी वाढवून मेडिकलच्या दुकानात जातो.

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनच्या देशी जेनेरिक गोळ्या २०२३ पासून बाजारात आहेत. उरलेली दोन औषधे तर कित्येक दशकांची जुनी. तेव्हा अडले आहे ते विज्ञान नव्हे आणि पैसाही नव्हे, कारण महात्मा फुले योजनेत पाच लाखांच्या संरक्षणाची जाहिरात आम्ही रोज पाहतो. मात्र ते कवच भरती झालेल्यांसाठी. म्हणजे बाईने फुफ्फुसांत पाणी भरून घेऊन खाटेवर पडावे, मग तिजोरी उघडेल! निविदा, दरकरार, मंजुरी यांच्या फायली फिरवणाऱ्या या यंत्रणेला रुग्ण घरी बरा राहण्यात काही रसच नाही, असे आता उघड म्हणावेसे वाटते.

या तीन औषधांचा रुग्णालयनिहाय साठा दर आठवड्यास जाहीर करावा आणि तो संपण्यापूर्वीच स्थानिक खरेदी व्हावी, एवढीच मागणी आहे. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर कृपया पाठवू नये; त्याचा साठा आमच्याकडे भरपूर आहे.

आपला,
एका हृदयरुग्णाचा पती