मढे नंबर सातचे मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आमच्या वाड्यावर पुराच्या सिनेमाचे शूटिंग होणार म्हणून नारळ फोडायला आपण जातीने आला होता. "गावच्या माणसांना बोलायच्या भूमिका मिळतील," असे सांगून टाळ्याही घेतल्यात. गेल्या मंगळवारी मला भूमिका मिळाली. मढ्याची. मनगटावर पेनाने ७ लिहिले, तोंडाला चिखल फासला आणि टँकरच्या पाण्यात उताणी झोपवली. वरून ओरडा, "आंटी, साँस मत लो!" मला दमा आहे. तीन तास तशीच होते. (नळाला पाणी दिवसाआड येते, पूर आणायला टँकर कुठून मिळाले ते आपणच जाणे.)

बोलायचे काम मुंबईच्या बाईला. ती गावड्याची, म्हणजे आमच्या आदिवासी समाजातली सून म्हणून तिला काळी करायला अर्धा तास गेला. आमच्या अंगावर तो रंग फुकटात होता. आमच्याकडे खांद्यावर गाठ मारून नेसतात, तिला नेसवले कोळणीचे लुगडे. शेजारच्या ख्रिस्ती भावाच्या हातात बाटली दिली आणि वाक्यागणिक 'मॅन' म्हणायला लावले. २३ जुलै २०२१ ला पुराचे पाणी घरात शिरले तेव्हा ह्याच माणसाने छपराची कौले काढून माझ्या सासूला दोरीने वर ओढली. दारूच्या थेंबाला शिवत नाही तो.

मी बोलले, तर दिग्दर्शक म्हणतो, असल्या सिनेमात एवढे कोण बघतो? मी बघते. मुलाने मोबाइलवर 'द इम्पॉसिबल' दाखवला. २००४ ची त्सुनामी थायलंडची, सोसली स्पेनच्या कुटुंबाने, पडद्यावर ते कुटुंब इंग्रज. थाई माणसे उचलायला आणि मलमपट्टीला. '२०१२' नावाच्या सिनेमात जगबुडीचा पत्ता लागतो आपल्या भारतीय शास्त्रज्ञाला, आणि कबूल केलेले विमान येत नाही तेही त्याच्याचसाठी. गोऱ्यांचे तसेच, म्हणून सोडले असते. पण केरळवाल्यांनी आपल्या पुरावर '२०१८' काढला, त्यात होड्या घेऊन धावलेले मासेमार दाखवले, आणि तोच भारतातर्फे ऑस्करला गेला. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सिनेमांचा महोत्सव, २००४ पासून आपल्याच गोव्यात भरतो. लाल गालिच्यावर चालताना हे कानावर पडले नाही?

मागणे एवढेच: परवान्यात लिहा की बोलणारी माणसे गावची, बोली गावची आणि शेवटी पडद्यावर नावे. 'स्थानिक ग्रामस्थ' अशी एक ओळ नको.

पण सांगते कोणाला? पुरानंतरच्या पंचनाम्यात तरी माझे नाव कुठे होते? 'मातीचे घर, अंशतः पडझड.' जमीन भाटकाराची (जमीनदाराची), घर नवऱ्याच्या नावावर, नवरा २०१९ ला गेलेला. कारकून म्हणाला, "मालकाला घेऊन या." चौदा खेपा घातल्या, की सोळा, मोजायचे सोडले. तुम्हां लोकांना आम्ही लागतो ते सभेच्या खुर्च्या भरायला. तिथेही बोलायचे काम तुमचेच.

मानधन सहाशे ठरले होते, हातात दमडी आली नाही. मॅनेजर म्हणतो, परवा परत झोपायला या, मग एकदम देऊ. जाईन. आपणही या. आठ नंबर रिकामा आहे.

आपली,
मढे नं. ७
सत्तरी, गोवा