मोजणीच्या टेबलावरचा कागद

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मतमोजणी प्रतिनिधी म्हणून तुझं नाव लागलं, फार आनंद झाला. मोजणीत घोळ दिसला तर कोर्टानं ती तिथल्या तिथं का थांबवू नये, असं तू विचारलंस. विधानसभा-लोकसभेसाठी राज्यघटनेच्या कलम ३२९(ब)नं तो रस्ता बंद केलाय. निकाल लागल्यावर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करायची, आपल्या पुणेकरांनी मुंबईला. मला हे पटतं. टेबलाटेबलावर स्थगिती मिळू लागली, तर हरणारा प्रत्येक जण मोजणी अडवून धरेल. पण निकालानंतर कोर्टानं मतं पुन्हा मोजायला कचरू नये, हेही तितक्याच ठामपणे वाटतं.

मात्र तिथं नुसत्या संशयावर फेरमोजणी मिळत नाही. कोणतं केंद्र, कोणतं यंत्र, किती मतं आणि त्यानं निकाल कसा फिरला, हे याचिकेत लिहावं लागतं. ते टेबलावरच जमतं, म्हणून नीट ऐक.

आत मोबाइल नेता येत नाही. पेन, कोरे कागद आणि आपल्या केंद्रांच्या १७-सी फॉर्मच्या (केंद्रावर किती मतं पडली याच्या नोंदीच्या) प्रती घे. कंट्रोल युनिट, म्हणजे मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग, टेबलावर आलं की जाळीतून त्याचा क्रमांक आणि सीलचे क्रमांक १७-सीशी ताडून बघ. रिझल्टचं बटण दाबल्यावर आधी एकूण मतं दिसतात, मग उमेदवारवार. आकडा निसटला तर लगेच ‘पुन्हा दाखवा’ म्हण, भीड धरू नकोस. एकूण मतं जुळत नसली तर बहुधा मतदानाच्या सकाळी घेतलेल्या मॉक पोलची, म्हणजे चाचणीची, मतं पुसायची राहिलेली असतात, नाहीतर केंद्राध्यक्षानं आकडा चुकीचा लिहिलेला असतो. असं यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर त्यातल्या मतांहून कमी असेल, तर त्याच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर छापल्या जाणाऱ्या, चिठ्ठ्या मोजतात.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी येतं. फॉर्म २०, म्हणजे निकालपत्रक, भरून बेरीज जाहीर झाली की निवडणूक निर्णय अधिकारी थोडा थांबतो. फेरमोजणीचा अर्ज तेव्हाच, लेखी, कारणांसह, उमेदवारानं, तो हजर नसेल तर त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं किंवा मतमोजणी प्रतिनिधीनं द्यायचा. अधिकाऱ्यानं सही केली की ती संधी गेली. म्हणून घोळ दिसताक्षणी उमेदवाराला निरोप धाड.

पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाचं वाचलंस ना? २०२२ च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्रावर दोघांच्या मतांची अदलाबदल झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं यंत्रं दिल्लीला मागवून आपल्या आवारात मोजली: १,०५१ विरुद्ध १,०००. निकाल उलटला, पण पाच वर्षांतली पावणेतीन वर्षं निघून गेली होती. विधानसभा-लोकसभेच्या याचिका शक्यतो सहा महिन्यांत संपवाव्यात असं कायदा म्हणतो. त्या रखडतात, याचा मला मनापासून राग येतो.

१७-सीच्या प्रती आदल्या रात्रीच केंद्रांच्या क्रमानं लावून ठेव.

तुझी,
आई