मॉरिशसच्या नातवाचे गाव तहसीलच्या दप्तरात आहे : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी : मा. महसूल मंत्री

विषय : तालुक्यांच्या अभिलेख कक्षांतील मोडी व जुन्या देवनागरी नोंदवह्यांची नावनिहाय सूची करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मॉरिशसमध्ये गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आपले मूळ गाव शोधत आहेत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणाऱ्या ओळखपत्राची) वाट मोकळी केल्याचे जाहीर केले, तेव्हापासून या शोधाला नवे बळ आले आहे. अनेक जण पहिल्यांदा डीएनए चाचणीचा डबा मागवतात, नळीत लाळ भरून पाठवतात आणि अहवालात गावाचे नाव येईल म्हणून वाट पाहतात. ते नाव तेथे येत नाही, येणारही नाही. ते आपल्या राज्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या रुमालांत बांधलेले आहे. म्हणून हे पत्र.

आधी चाचणीबद्दल सांगतो, कारण तिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. प्रत्येक पिढीत वारसा निम्मा होतो. सात पिढ्या मागे गेले की १२८ पूर्वज होतात आणि एकेकाचा वाटा सरासरी पाऊण टक्का उरतो. समजा, एका माणसाचा खापरपणजा जहाजाने गेला आणि त्या खापरपणज्याचा भाऊ कोकणात राहिला. आज त्या दोन भावांच्या वंशजांचे नाते चौथ्या पिढीतल्या चुलतांचे होते. अशा दोघांत मोजता येईल असा समान तुकडा निम्म्या वेळा एकही सापडत नाही. म्हणजे अहवालात जुळणी नाही म्हणून नाते नाही असे ठरत नाही. याच कारणाने घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची चाचणी आधी करावी लागते. आजोबा हयात असताना नातवाची लाळ पाठवणे म्हणजे दोन पिढ्यांचा पुरावा हातचा घालवणे.

उलटी चूकही होते. आपल्याकडे लग्ने शतकानुशतके ठरावीक पोटजातींत झाली. त्यामुळे ज्यांचे जवळचे नाते नाही अशा माणसांतही बारीकसारीक समान तुकडे भरपूर दिसतात आणि संगणक त्यांना तिसऱ्या पिढीतले चुलत ठरवून मोकळा होतो. ७ सेंटिमॉर्गनपेक्षा (सेंटिमॉर्गन हे डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजण्याचे एकक) लहान तुकडे तर बरेचदा निव्वळ योगायोगाचे असतात. कोकणी कुटुंबांच्या बाबतीत लहान तुकड्यांची बेरीज बाजूला ठेवून सर्वांत लांब सलग तुकडा केवढा आहे तेवढेच पाहणे शहाणपणाचे. त्यातही या कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः अमेरिका-युरोपातले. साखरप्याच्या शेतकऱ्याने चाचणी केलेलीच नसते, त्यामुळे मॉरिशसच्या माणसाला जुळणी मिळते ती पुन्हा मॉरिशसच्याच किंवा शेजारच्या रियुनियन बेटावरच्या माणसाची.

वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी मात्र उपयोगी पडते, पण शेवटच्या पायरीवर. कागदावरून एखादी भावकी जवळपास निश्चित झाली की दोन्हीकडच्या एकेका पुरुषाची ३७ खुणांची (या गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक जागांची) चाचणी करून पाहता येते. ३७ पैकी ३६ किंवा सगळ्या जुळल्या तर पुरुषवंश एक असण्याची शक्यता दाट. कोणत्या भावाची शाखा, हे तीही सांगत नाही. जुळल्या नाहीत तर कागद खोटा ठरतो असेही नाही, कारण मधल्या एखाद्या पिढीत दत्तक घेतलेले असू शकते. दत्तकपत्र सापडले तर उलगडा होतो. आणि गावातल्या एकाची चाचणी ही सगळ्या भावकीची गुपिते उघडी करू शकते, म्हणून संमती एकट्याची नसावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता कागद. मॉरिशसच्या बाजूला मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून तेथे उतरली आणि प्रत्येकाला क्रमांक मिळाला. तो क्रमांक हाती आला की नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव आणि जहाज कळते. पण नाव लिहिणारा कारकून मराठी नव्हता. त्याने ऐकले तसे लिहिले. आपला ड त्याच्या कानाला र लागला, म्हणून वाडीची 'वारी' झाली. बापाचे पाळण्यातले नाव पुढच्या पिढीचे आडनाव झाले. आजच्या बाबाजी किंवा सखाराम आडनावाच्या कुटुंबाला कोकणात त्या आडनावाचे घर सापडणार नाही, कारण ते कधी आडनाव नव्हतेच.

जिल्ह्याचीही तीच गत. नोंदीत रत्नागिरी असेल तर गाव आज सिंधुदुर्गात असू शकते, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी असेल तर ते संस्थान होते, त्याचे दप्तर वेगळे. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. आणि एका तालुक्यात एकाच नावाची खुर्द, बुद्रुक आणि 'तर्फ' (जुना महसुली विभाग) लावलेली तीन गावे असली, की तिन्हींचे दप्तर उलगडल्याशिवाय इलाज नसतो. मॉरिशसच्या मराठी घरांत आजही झाकरी नाचतात. ती कोकणातली जाखडीच. अशी खूण आपण कोकणात शोधतोय ते बरोबर आहे एवढे सांगते, वाडी सांगत नाही.

आपल्या बाजूला शोधायचे असते ते गेलेल्या माणसाला नव्हे, मागे राहिलेल्या भावाला. जो गेला त्याचे नाव गावच्या कागदावर क्वचितच असते. भावाचे मात्र असते : खोती गावांच्या (जेथे सारा खोत गोळा करी अशा गावांच्या) बोटखतात कोणत्या शेतावर कोणत्या कुळाचा हक्क ते लिहिलेले आहे, फेरफार नोंदवहीत वारस लागलेले आहेत, कोतवाल बुकात म्हणजे गाव नमुना १४ मध्ये जन्म आणि मृत्यू आहेत, शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे आणि बापाचे नाव आहे.

एक नोंद जवळून पाहा. पानावर आधी आडवी शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मारलेली, तिच्याखाली बोरूने न थांबता लिहिलेली मोडी, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'राणू बिन बाबू', म्हणजे बाबूचा मुलगा राणू, एवढे वाचता येते. हा राणू कोणता? नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत, त्यामुळे एक पिढी सोडून पुन्हा राणू बिन बाबूच येतो. तारखेचा रकाना नीट न वाचता जोडणी केली की आजोबा आणि नातू एकच माणूस ठरतात आणि वंशावळीतल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त होणारी चूक हीच. जन्मनोंदीत तर मुलाचे नावच नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. आईचे नाव बहुधा नाही. सासरी नाव बदललेल्या बाईचा माग तर जवळपास लागतच नाही, आणि ही उणीव कोणतीही प्रयोगशाळा भरून काढणार नाही.

तारखांचे गणितही साधे नाही. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१, मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००, महिना पाहून. सुहूर सन अक्षरांत असतो, तोही अरबी : 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ४, ७०, १०० आणि १०००, अर्थात ११७४, इसवी सन १७७३-७४. हे न कळणाऱ्याने सूची केली तर ती नसलेली बरी.

महोदय, हे काम राज्याला जमणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी याच वह्या गावोगावच्या कपाटांतून बाहेर आल्या, मोडी वाचक शोधून आणले गेले आणि पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. मात्र तो शोध जातीच्या रकान्यातल्या एका शब्दाचा होता. त्याच पानावर वर-खाली असलेल्या बाकीच्या माणसांची नावे कोणी उतरवून घेतली नाहीत. एवढी जुनी वही पुन्हा पुन्हा उलगडणे तिला सोसत नाही. ती एकदा उघडली की पानावरचे प्रत्येक नाव उतरवले गेले पाहिजे. आमची मुख्य मागणी एवढीच आहे.

ते कसे व्हावे हेही सांगतो. वहीची शिलाई उसवू नये. कागद आत ओढणारे स्कॅनर वापरू नयेत, वरून छायाचित्र घेणारे वापरावेत. प्रतिमा किमान ४०० डीपीआयची आणि रंगीत हवी. निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत फिकट तपकिरी झालेली शाई उडते आणि मोडीत एक वळण गेले की अक्षर बदलते. मूळ प्रतिमा टिफमध्ये जपावी, लोकांसाठी पीडीएफ ठेवावी. फाईलच्या नावातच जिल्हा, तालुका, गाव, नमुना, वर्ष आणि पान यावे. 'स्कॅन ००१' अशा नावाच्या हजार फाईली म्हणजे कपाटातला गोंधळ संगणकात नेणे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायला सक्त मनाई असावी, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाई गिळतो. जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढे साहित्य तालुक्याला पुरते.

सूचीत गावाचे जुने आणि आजचे नाव, जुना पेटा किंवा महाल (तालुक्याचा पोटविभाग), तारीख मुळात आहे तशी आणि रूपांतर करून, व्यक्तीचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, नोंदीचा प्रकार आणि पान क्रमांक हवा. एकच पान दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे, जेथे फरक पडेल तेथे तिसऱ्याने निर्णय द्यावा. धोंडू, धोंडी, धोंडिबा हे शोधताना एकत्र सापडावेत, पण उतरवताना वाचक जे वाचेल तेच लिहावे, सुधारू नये. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांतून तयार झालेली माणसे आज रिकामी आहेत. त्यांना पानावर मोबदला द्या.

दोन बंधने मात्र घालावीत. शंभर वर्षांच्या आतल्या जन्माची नोंद उघड सूचीत नको. जातीचा रकाना प्रतिमेत राहील, शोधयंत्रात नको. आणि डीएनए अहवाल हा जातीचा पुरावा म्हणून कोणत्याही कार्यालयात घेतला जाणार नाही, असे परिपत्रक आपण महसूल आणि सामाजिक न्याय विभागांशी बोलून काढावे. जात ही गुणसूत्रावर लिहिलेली नसते, आणि 'जात सांगणारी चाचणी' विकणारे लोक या गोंधळावरच पैसे कमावतात. लाळेचा नमुना शासनाने कोणाकडेही मागू नये. २०२३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणी कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. पासवर्ड बदलता येतो, गुणसूत्र बदलता येत नाही.

सुरुवात एका तालुक्यातून करा. आम्ही राजापूर सुचवतो : खोती गावे, बोटखते, आणि बंदर असल्याने बाहेर गेलेल्या माणसांचा माग. काम ऑक्टोबरात सुरू करून मे संपायच्या आत वह्या परत कपाटात गेल्या पाहिजेत. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेला रुमाल उघडले की पाने एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेले पान सोडवताना अक्षर दुसऱ्या पानावर जाते. मोका येथील नोंदवहीतली रत्नागिरी जिल्ह्याची नावे आणि राजापूरची सूची शेजारी ठेवून पाहण्याचे काम आम्ही विनामोबदला करू. वाचकांची पहिली तुकडी कोणत्या तारखेला बोलवायची, एवढे कळवावे.

आपले विश्वासू,
मोडी कागदपत्रे आणि वंशावळींवर काम करणारे अभ्यासक