‘अकालपक्व’ की हळवी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या नाट्यगीत गायनाची बातमी आपण छापलीत, त्याबद्दल आभार. मथळा होता, ‘इंदूरची अकालपक्व गायिका’. सकाळी मी पोहे परतत होते, तेवढ्यात तिची आजी अंक घेऊन दारात. “बाई, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत, सांगा, ही बातमी चांगली की वाईट? आमच्याकडे अकाली केस पिकतात, नाहीतर अकाली माणूस जातो. पोरीला काय झालंय?”

मला हसू आलं, पण उत्तर काही चटकन सुचलं नाही.

बातमीदाराच्या मनात इंग्रजी ‘प्रीकोशस’ असणार. तो शब्द लॅटिनमधून आला: ‘प्रे’ म्हणजे आधी, ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणे, पिकवणे. जर्दाळूचं इंग्रजी नाव, ‘ॲप्रिकॉट’, हेही त्याच घराण्यातलं. ग्रीक, अरबी अशा भाषांतून भटकत इंग्रजीत पोचलं. हे फळ लवकर पिकतं म्हणून त्याला ते नाव. ‘प्रीकोशस’ इंग्रजीत सतराव्या शतकात आला तो आधी झाडाझुडपांसाठी, मुलांना नंतर चिकटला. पानांआधी फुलणाऱ्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ आजही तेच विशेषण लावतात. आपला माळव्यातला पळस तसाच, फाल्गुनात अंगावर पान नाही आणि झाड नुसतं पेटलेलं.

म्हणजे ‘अकालपक्व’ हे भाषांतर कोशाच्या हिशेबाने चोख आहे. कानाला मात्र ते खोटं लागतं. ‘अकाल’ म्हणजे लवकर नव्हे, अवेळी. आणि अवेळी पिकलेलं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कार्बाइडचा आंबा, वरून पिवळाधमक, आत आंबट. (त्या पुडीवर बंदी आहे, तरी बाजारात नाक सांगतं ते सांगतंच.) लवकर समज आलेल्या मुलाबद्दल मराठी तशीही जरा खडूसच. पैसे आगाऊ दिले तर दुकानदार खूश, पोरगं आगाऊ निघालं की मास्तर नाखूश. शब्द तोच!

आजीला मी उत्तर दिलं ते शेवटी माहेरच्या भाषेत: तुमची नात हळवी, हळव्या भातासारखी. माझं माहेर कर्जतकडचं, भातशेतीचं. तिथे भात दोन तऱ्हेचं, हळवं आणि गरवं. मधलं ते निमगरवं. हळवं सुमारे साडेतीन महिन्यांत कापणीला येतं, गरव्याला साडेचार-पाच महिने लागतात. पण हळवं भात हुशार आणि गरवं मठ्ठ, असं माझ्या वडिलांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. वरच्या खाचरात पाणी ठरत नाही, पाऊस सरला की जमीन कोरडी, म्हणून तिथे हळवं. खोलगटात ओल टिकते, तिथे गरवं. आधी पिकण्याचं कारण दाण्यात असतं तसं खाचरातही असतं.

आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, 28 सप्टेंबर 1929. त्या लवकर पिकल्या असं आपण कौतुकाने म्हणतो. पण 1942 मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या 12 वर्षांच्या होत्या, पाठीवर चार भावंडं. त्या वयात काम धरलं ते खाचरातलं पाणी आटलं म्हणून. आणि पलीकडे देवासला कुमार गंधर्व. दहा-अकरा वर्षांचे असताना मैफली गाजवत होते. 1948 मध्ये क्षयाने खचून देवासला आले आणि काही वर्षं त्यांना गाता आलं नाही. त्या सक्तीच्या मुक्या काळात माळवी लोकगीतं कानावर पडत राहिली आणि पुढे उभं राहिलं ते निराळंच गाणं. एकाच शिवारात आधी हळवं, मग गरवं.

तसं पाहिलं तर आपल्या लोकांनी अशा मुलांना ‘पक्व’ कधी म्हटलंच नाही. ‘बालगंधर्व’ म्हटलं, ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. नारायणराव राजहंस 1967 मध्ये 79 वर्षांचे होऊन गेले, तोवर नावातला ‘बाल’ काही सुटला नाही.

आता माझ्याच सूचनेतली अडचण सांगते. ‘इंदूरची हळवी गायिका’ असा मथळा दिलात तर वाचकाला वाटेल, मुलगी गाता गाता रडते. हळवं मन सगळ्यांना ठाऊक, हळवं भात शहरात कुणाला? शब्द बोलण्यात राहू द्या. मथळ्याला ‘नऊ वर्षांची गायिका’ एवढं पुरे होतं. आकडाच सगळं सांगतो. आणि ‘अकालपक्व’ ठेवायचाच असेल तर आमच्या वॉर्डातल्या एका तरुण पुढाऱ्यासाठी ठेवा, तिथे तो चपखल बसेल.

आजीचं समाधान कितपत झालं देव जाणे. परवा त्यांच्याकडे गेले तर बातमीचं कात्रण आरशाला चिकटवलेलं, फोटोसकट, नीट कापलेलं. मथळा तेवढा कात्रीबाहेर राहिला होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर