काळी पाचवरून काळी चार

दादर, मुंबई
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाडवा पंधरा दिवसांवर आला. आपल्या नाशकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाटेला मी गाणार म्हणून बाबांनी सगळ्या पंचवटीला निरोप दिलेत, असं मावशी सांगत होती. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवी. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून पत्र.

बाबा, मी सूर उतरवलाय. काळी पाचची काळी चार केली आहे, म्हणजे माझा ‘सा’ पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवरून एक पूर्ण सूर खाली, चौथ्या काळ्या पट्टीवर आणलाय. तंबोरा लावायला तुम्हीच बसणार, आणि पहिली खुंटी पिळतानाच तुमच्या ते लक्षात येणार. स्टेजवर, लोकांसमोर तुम्ही माझ्याकडे वळून बघावं आणि मला मान खाली घालावी लागावी, असं मला नकोय.

गेल्या माघात एका गावी पूरिया धनाश्री राग गात होते. अंतऱ्यात तार गंधार, वरच्या सप्तकातला ‘ग’, लावला आणि आवाजाऐवजी नुसती हवा आली. तबलजींनी सावरून घेतलं, समोरच्यांना बहुतेक कळलंही नाही. त्या रात्री गाडीत मी कोणाशी बोलले नाही.

डॉक्टरांनी कॅमेरा घालून मला माझेच स्वरतंतू पडद्यावर दाखवले. दोन्हींच्या कडांना, अगदी समोरासमोर, खसखशीच्या दाण्याहून जराशा मोठ्या दोन गाठी. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तसेच हे घट्टे. काळी पाचचा षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला की ते तंतू सेकंदाला २३३ वेळा एकमेकांना भिडतात, तार षड्जाला त्याच्या दुप्पट. तेहतीस वर्षं मी हे करतेय, पण ते डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा.

कारण एकच नव्हतं. आमचा हंगाम दिवाळी ते होळी. पावसाळ्यात मैफली जवळजवळ नसतात, तेव्हा घर शिकवण्यांवर चालतं. मग हंगामातही शिकवण्या सोडवत नाहीत. दिवसभर मुलींना शिकवायचं, संध्याकाळी मैफल, रात्री साडेअकराला जेवण, पहाटेची गाडी. त्यात स्टेजवरचे स्पीकर एवढे मोठे की स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून आणखी जोर लावायचा.

शस्त्रक्रिया लागली नाही. तीन आठवडे पूर्ण मौन, मग चार महिने आवाजाचे व्यायाम. आई, वैशाखात मी तुला ‘इथे रेंज नाही’ असे मेसेज पाठवायचे, ते खोटं होतं. मला बोलायचीच बंदी होती. तू काळजीनं रात्र रात्र जागली असतीस, म्हणून लपवलं. माफ कर.

गाठी गेल्या. तरी जुन्या सुरात बसले की वरचा पंचम ओढून आणावा लागायचा. माझ्या गुरू, बाईंकडे गेले. त्यांनी काही न बोलता तंबोरा काळी चारला लावला आणि म्हणाल्या, ‘गा.’ पाऊण तास गायले. खर्जात, खालच्या सुरांत, जे मला आयुष्यभर पुसट मिळालं, ते इथे भरून आलं. मंद्र धैवतावर मी थांबून राहिले, बाईंनी डोळे मिटले. त्या दिवसापासून माझा सूर हाच.

बाबा, तुम्ही गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका मला ऐकवायचात. किती पातळ, उंच आवाज! पुढे घशाच्या उपचारांनंतर तो खोल, जाड झाला आणि गंगूबाई त्याच आवाजात पुढची कित्येक दशकं गायल्या. तेव्हा मी तुम्हाला विचारायचे, ‘हा आवाज त्यांचाच कशावरून?’ माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण या चार महिन्यांत मी तुमच्या त्या जुन्या कॅसेटी रोज ऐकल्या.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते गाणं शिकायला मुंबईला जायचे रविवार. पंचवटी एक्सप्रेस, आईचे दडपे पोहे, आणि कसाऱ्याचे बोगदे. बोगद्यात गाडीचा आवाज दुमदुमला की तुम्ही म्हणायचात, ‘आता लाव खर्ज, कोणी ऐकत नाही.’ आजोबांनी विचारलं होतं, मुलगी काय मैफली करणार? तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गाण्याचं विद्यालय काढलं ते आपल्यासारख्या घरांतल्या मुलांमुलींसाठीच, आणि त्यांचा रामनाम आधार आश्रम इथेच, आपल्या नाशकात होता. मग प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून मिरजेहून तंबोरा आणलात. त्या भोपळ्याला पहिल्यांदा कान लावून बसले होते, तो दिवस मी विसरलेले नाही.

पाडव्याला ललत राग गाणार आहे. विलंबित एकताल, मग द्रुत. तुमचे मित्र तार सप्तकातल्या जुन्या तानांची वाट बघतील. तशा कमीच येतील. ललतमध्ये तसंही मला दोन मध्यमांच्या मधल्या जागेतच रेंगाळायचं आहे.

आता तुमच्यासाठी काम. त्याच तारा पूर्ण सुरानं खाली आणल्या तर सैल पडून खरखरतील, म्हणून एका नंबरानं जाड तारांचा संच कुरिअरनं पाठवलाय. त्या आत्ताच चढवून ठेवा, बसायला आठवडा तरी लागेल. ललतमध्ये पंचम नाही, तेव्हा एरवी पंचमाला लावतो ती पहिली तार मध्यमाला. डावा कान हल्ली कमी ऐकतो म्हणता, तर उजव्या बाजूला घेऊन लावा, घाई नको. जवारीचा, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखाली घालायचा, दोरा मात्र मी आणत नाही, इथे मिळतो तो जाड असतो. तुमच्या पितळी डबीतला पिवळा रेशमी दोरा ठेवा.

वसुबारसेला रात्री पोचते.

तुमची,
माई