प्रिय पक्या, सावली स्वच्छ होती

सातारा
गुरुवार, रात्रीचा १ वाजलाय

प्रिय पक्या,

सात महिने तुला धड दोन ओळी लिहिल्या नाहीत. रागावला असशील तर तो राग भेटीसाठी राखून ठेव, आज फक्त ऐक. आईची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ होती तशीच आहे.

शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर मोतीला घेऊन आले. पाच वर्षांचा लॅब्रेडॉर. आदल्या दिवसापासून उलट्या, पोटाला हात लावला की अंग आखडून घ्यायचा. काय खाल्लं विचारलं, तर मास्तर म्हणाले, नेहमीचंच. नातवंडं आली होती, सगळी यवतेश्वरला गेली होती आणि गाडीवरची भाजलेली कणसं घरी घेऊन आली होती, हे मला सोमवारी कळलं.

एक्स-रे मागच्या खोलीत. कुत्रं धरणारा पोरगा सुट्टीवर. शिशाचा एप्रन मास्तरांना चढवायचा, चाळीस किलोचा मोती आडवा करायचा, परत कूस बदलायची. सोनोग्राफीचं मशीन मात्र टेबलाला लागूनच. मी प्रोब लावला. डायफ्रामपाशी, दोन्ही किडन्यांपाशी, मूत्राशयापाशी, चारही ठिकाणी पाहिलं, पाणी नाही. प्लीहा ठीक. जठरात आणि आतड्यात वायूच वायू, स्वादुपिंड दिसेचना. केसपेपरवर गॅस्ट्रोएंटेरायटिस, म्हणजे जठर-आतड्याची सूज, लिहिलं, सलाईन लावलं, मॅरोपिटंट टोचलं. रविवारी मास्तरांचा फोन आला, उलटी नाही. नसणारच, औषध उलटी थांबवायचंच होतं! पण मी निर्धास्त झालो.

सोमवारी मोती उभा राहीना. तेव्हा तीन बाजूंनी एक्स-रे काढले. आतड्याचा व्यास पाचव्या कंबरमणक्याच्या उंचीच्या १.६ पट झाला की आपण सावध होतो. इथे दुपटीच्या वर गेलेला. आणि फुगलेल्या वेढ्याच्या टोकाला बारीक काळे ठिपके, ओळीने, सारख्या अंतरावर. दाणे खाऊन टाकलेलं कणीस, पक्या. दाण्यांच्या जागी अडकलेली हवा ओळीत मोजता येत होती. पोट उघडलं तर आठ इंच आतडं काळं पडलेलं. कापलं आणि जोडलं.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. सोमवारी रात्री मशीनमध्ये साठवलेली शनिवारची चित्रं उघडली. नवव्या चित्रात आतड्यात एक पांढरी कमान आहे आणि तिच्याखाली काळी सावली. मी तिला वायू समजून पुढे गेलो होतो. वायूची सावली मळकट असते रे, राखाडी, तिच्यात रेषा घुटमळतात. ही स्वच्छ काळी आहे, कडा कापल्यासारख्या. म्हणजे कणीस माझ्या प्रोबखाली होतं. मीच तिथे थांबलो नाही.

तुला परळची ती मांजर आठवतच असेल. मी सोनोग्राफीला नंबर लावून आलो आणि तू तिचं तोंड उघडून गिळताना जिभेखाली गुंडाळला गेलेला दोरा दाखवलास. तुझ्या हातात एरवी एक मांजर शांत राहिली नाही, नेमकी तीच राहिली! सगळ्यांदेखत तू म्हणालास, ‘आधी प्रश्न ठरव, मग मशीन शोध.’ मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही. बोलणं बरोबर होतं, पण ते मला बाजूला घेऊन बोलायचं होतंस, हे मी अजूनही म्हणतो.

मशीनबद्दल माझी तक्रार नाही. मार्चमध्ये एक पॉमेरियन आली, माज येऊन महिना झालेला, गर्भाशयात पू. दोन मिनिटांत दिसलं. प्लीहा फुटून पोटात रक्त भरलेला म्हातारा जर्मन शेफर्ड असाच कळला; एक्स-रेवर नुसतं धुकं दिसलं असतं. उलट पोट ढोलासारखं फुगलेला ग्रेट डेन आला, की मी त्याला उजव्या कुशीवर घेऊन एक्स-रेच काढतो, जठराला पीळ पडलाय का ते तिथेच कळतं. हे सगळं मला येतं. मग शनिवारी प्रश्न ‘आतडं अडलंय का’ हा असताना मी ‘पोटात पाणी आहे का’ याचं उत्तर घेऊन समाधानी कसा झालो? वायूने निम्मं पोट झाकलेलं असताना मागच्या खोलीपर्यंत का गेलो नाही? पाच मिनिटांचं काम होतं. दोन दिवस लवकर उघडलं असतं तर बहुतेक नुसती चीर देऊन कणीस काढता आलं असतं.

आज तिसरा दिवस. आतड्याचे टाके सुटायचे तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, तुला सांगायला नको. एक्स-रेचा आता उपयोग नाही, पोटात मोकळी हवा दिसेलच, पोट उघडताना मीच सोडलीय ती. म्हणून दर सहा तासांनी प्रोब लावतोय. काल मूत्राशयापाशी थोडं पाणी होतं, आज संध्याकाळीही तेवढंच. ताप १०२.८. रात्री चमचाभर पातळ भात खाल्ला, शेपूट एकदा हलवली. पाणी वाढलं तर सुईने काढून स्लाइड बघणार, पेशींच्या आत जंतू दिसले तर परत उघडायचं.

मास्तर रोज डबा घेऊन येतात. माझ्यासाठी. परवा म्हणाले, ‘तुमच्यामुळे वाचला.’ माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. उद्या त्यांना नववं चित्र दाखवणार आहे. बायको म्हणते, मोती घरी जाऊ दे, मग सांग. तोवर थांबलो तर सांगणं माझ्याच्याने होणार नाही. तू काय केलं असतंस ते कळव, पण मी उद्या सांगून मोकळा झालेला असेन.

चिमीच्या दहावीचं कळलं, तिला पेढ्यांचे पैसे पाठवतो. नव्या घराला गच्ची आहे म्हणे? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की तारीख सांग, मी येतो.

नववं चित्र तुला फोनवर पाठवलंय. सावली स्वच्छ आहे की मला आता तशी दिसतेय, ते खरं सांग. माझी समजूत काढायला काही लिहू नकोस.

दोनची वेळ होत आली, प्रोब लावायला खाली जातो.

तुझा,
दिल्या